सुरक्षा-पिनांचे सरावकुलूप: डब्यासोबतचे माहितीपत्रक

आमच्या फोंड्याच्या दुकानातून साध्या पिनांचे सरावकुलूप (चावीशिवाय कुलूप उघडायला शिकण्याचे कुलूप) नेलेले ग्राहक थोड्याच दिवसांत सुरक्षा-पिनांचा हा दुसरा डबा मागायला येतात. नेल्यावर चार दिवसांनी त्यांतले बरेच जण हिरमुसून परत येतात. तक्रार एकच असते: ‘कुलूप थोडे फिरते, पण उघडत नाही. बिघडलेले दिसते.’ ते बिघडलेले नसते. हे पत्रक मुख्यतः त्या एका अडचणीसाठी लिहिले आहे.

त्याआधी दोन नियम, आणि ते आम्ही प्रत्येकाला तोंडीही सांगतो. कुलूप स्वतःच्या मालकीचे असेल तरच त्याला हात लावा. आणि स्वतःचे असले तरी रोजच्या वापरातल्या दारावर सराव करू नका. गाभा अर्धा गोल फिरला की वरच्या पिना चावीच्या खाचेत पडून तो जागीच अडकू शकतो, मग आपल्याच घराबाहेर बसायची वेळ येते. दुसऱ्याचे कुलूप उघडून आत शिरणे कायद्याने घरफोडी ठरते, दार मोडले नसले तरी. सोळा वर्षांखालील मुलांना आम्ही हा डबा पालकांसोबतच देतो.

आता कुलपाकडे वळू. चावी जिथे शिरते तो पितळी गोल भाग म्हणजे गाभा. त्याच्या प्रत्येक छिद्रात दोन पिना एकावर एक बसतात आणि त्यांच्यावर स्प्रिंग असते. चावी नसताना वरची पिन अर्धी गाभ्यात, अर्धी बाहेरच्या कवचात राहते, म्हणून गाभा फिरत नाही. बरोबर चावी घातली की प्रत्येक जोडीमधली फट नेमकी गाभ्याच्या कडेवर येते. अमेरिकेत लायनस येल (धाकटे) यांनी 1861 साली अशा कुलपाचे पेटंट घेतले, आणि आपल्या नाईट लॅचची दातेरी चपटी चावी आजही त्याच तत्त्वावर चालते. जुन्या घरांची लांब लोखंडी चावी किंवा नवतालसारखी लीव्हरची कुलपे यांची रचना निराळी, त्यांना हा सराव लागू पडत नाही.

छिद्रे कितीही काळजीने पाडली तरी ती तंतोतंत एका रेषेत येत नाहीत. म्हणून ताणपट्टीने (चावीच्या खाचेत अडकवायच्या वाकड्या पट्टीने) गाभ्याला किंचित पीळ दिला की आधी एकच पिन घट्ट होते. आकडीने (टोकाला वळलेल्या बारीक सळीने) ती उचलायची, ‘टिक’ झाले की पुढची घट्ट पिन शोधायची. साध्या कुलपाची विद्या एवढीच.

सुरक्षा-पिना नेमके हेच बिघडवतात. रीळ पिन शिवणयंत्राच्या बॉबिनसारखी असते, दोन्ही टोके जाड आणि कंबर बारीक. अळंबी पिनेला छत्री असते, श्रावणात वारुळावर उगवणाऱ्या अळंबीसारखी. खाचांच्या पिनेवर स्क्रूसारख्या कड्या असतात. बहुतेक वेळा या पिना वरच्या बाजूच्या असतात.

रीळ पिन उचलता उचलता तिची कंबर गाभ्याच्या कडेवर आली की गाभ्याला जागा मिळते. तो डोळ्यांना दिसेल इतका फिरतो आणि थांबतो. आम्ही दुकानात याला ‘फसवे वळण’ म्हणतो. इथे शिकणारा हमखास ताण वाढवतो, आणि तिथेच सगळे अडते, कारण ताण जितका जास्त तितकी पिनेची जाड कड घट्ट रुतते.

करायचे ते उलटे. फसवे वळण आले म्हणजे आनंदाची बातमी समजा: बहुतेक पिना बसल्या आहेत, एखाद-दुसरी रीळ पिन उरली आहे. एकेक पिन हलकेच दाबून पाहा. जिला दाबल्यावर गाभा मागे सरकून पट्टीवरच्या बोटाला ढकलतो, ती तुमची रीळ पिन. आता बोट सैल सोडा. पट्टी काढून घेऊ नका, फक्त गाभ्याला मागे जाऊ द्या, आणि आकडीचा दाब तसाच ठेवा. पिनेचे खालचे जाड टोक कडेच्या वर निसटले की गाभा पुन्हा पुढे येतो. या वेळी आधी बसलेली एखादी पिन खाली पडते. पडू द्या, ती परत बसवता येते.

खाचांच्या पिना मात्र गाभ्याला असे स्पष्ट मागे ढकलत नाहीत. त्या टिक-टिक करत राहतात आणि प्रत्येक टिक खरी वाटते. ताण अगदी नाममात्र ठेवा, पिन केसभर उचला, थांबा, पुन्हा तपासा. रेकने (नागमोडी टोकाच्या सळीने) सगळ्या पिना एकदम घासून उघडायची सवय असेल तर या डब्यापुरती ती बाजूला ठेवा.

पाचही छिद्रांत एकदम सुरक्षा-पिना भरू नका, ही आमची कळकळीची विनंती. आधी मधल्या छिद्रात एकच रीळ पिन, बाकी साध्या. ती दहा वेळा ओळखून उघडता आली की दुसरी घाला. पारदर्शक कुलपावर रचना छान दिसते, पण त्यात सगळे ढिले असल्याने बोटांना काही कळत नाही. घाईही नको. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज या अमेरिकी कुलूपकाराने 200 गिनींचे बक्षीस असलेले ब्रामा कंपनीचे कुलूप उघडले, तेव्हा त्याला 16 दिवसांत मिळून सुमारे 51 तास लागले होते.

पिना बदलताना गाभा नुसता ओढून काढू नका. डब्यातली दांडी गाभ्याच्याच जाडीची आहे. तिने गाभ्याला मागून ढकलत न्या, म्हणजे वरच्या पिना आणि स्प्रिंगा जागेवर राहतात. खाली ताटात पंचा पसरा. लाल सिमेंटच्या जमिनीवर उडालेली स्प्रिंग सापडता सापडत नाही, हे आम्ही अनुभवावरून सांगतो.

आपल्या हवेबद्दलही सांगायला हवे. पावसाळ्यात आणि किनाऱ्यालगत पितळ हिरवट पडते, पिना चिकटतात, आणि चिकटलेली साधी पिन बसली नसतानाही बसल्यासारखी वाटते. मग शिकणाऱ्याला वाटते हातच वाईट. कुलूप झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. घरोघरी कुलपात खोबरेल घालायची रीत आहे, ती इथे नको: तेलावर धूळ बसून त्याचा चिकटा होतो. ग्रॅफाइटची पूड चिमूटभर पुरते, पण आधी तेल घातले असेल तर कुलूप धुऊन वाळवल्याशिवाय पूड घालू नका.

स्प्रिंगा आणि सुट्या पिना काउंटरवर मिळतात. पिन हरवली तर तिची जोडीदार पिन सोबत आणा, मापून देऊ. आणि महिनाभर अडूनच बसलात तर डबा घेऊन या. तुमचे पट्टीवरचे बोट एकदा पाहिले की नेमके कुठे जड पडते ते दाखवता येईल.