रॉकेट चूल आणि गॅसिफायर चूल: ताजा मासा कोणत्या चुलीवर शिजवावा?

पत्र्याच्या रिकाम्या डब्यांपासून घरी दोन प्रकारच्या चुली बनवता येतात: रॉकेट आणि गॅसिफायर. दोन्ही काटक्यांवर चालतात, दोन्ही उघड्या चुलीपेक्षा कमी धूर करतात आणि दोघींची रचना १९८० च्या दशकात पुढे आली. त्यामुळे नावांची अदलाबदल सर्रास होते. नावापुरतं असतं तर हरकत नव्हती, पण एकीच्या सूचना दुसरीला लावल्या की चूल धुमसते आणि मासा बाहेरून करपून आत कच्चा राहतो.

मुख्य फरक जळणाचा आहे. रॉकेट चुलीत जळण आडवं, थोडं थोडं सरकवत राहायचं असतं. गॅसिफायरमध्ये ते एकदाच भरून वरून पेटवायचं आणि संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

रॉकेट चुलीचा गाभा म्हणजे इंग्रजी एल अक्षरासारखी नळी. नळीचा व्यास १० सेंमी असेल तर उभा भाग २५ ते ३० सेंमी ठेवावा. त्याहून आखूड केला तर ओढ कमी पडते आणि आग तोंडातून बाहेर येते. आडव्या तोंडात पत्र्याची फळी बसवायची. काटक्या फळीवर, हवा फळीखालून. फळी विसरली की काटक्या तळाशी बसतात, हवेची वाट बुजते आणि धूर सुरू होतो. नळी मोठ्या डब्यात बसवून मधल्या पोकळीत कोरडी राख भरायची. बरेच जण तिथे वाळू किंवा माती ठासतात, आणि तिथेच चूल बिघडते. वाळू स्वतःच उष्णता पीत बसते, नळी लवकर तापत नाही आणि धूर जळण्याआधीच वर निघून जातो.

गॅसिफायर म्हणजे डब्यात डबा. आतला साधारण १० सेंमी व्यासाचा, बाहेरचा २ ते ३ सेंमी मोठा. आतल्या डब्याच्या तळाला २५-३० बारीक भोकं, आणि काठाखाली दोन सेंमीवर ६ मिमीच्या १६ ते २० भोकांची एक रांग. बाहेरच्या डब्याला फक्त खाली मोठी भोकं. आतल्या डब्याचा तळ टेकू द्यायचा नाही, खाली २-३ सेंमी जागा हवी. वरच्या बाजूने दोन्ही डब्यांमधली फट घट्ट बंद असली पाहिजे, नाहीतर दोन भिंतींमध्ये तापलेली हवा भोकांऐवजी फटीतूनच निसटते. अंगठ्याएवढे कोरडे तुकडे वरच्या भोकांच्या खाली एक सेंमीपर्यंत भरायचे आणि वर बारीक ढलप्या ठेवून पेटवायचं. आग हळूहळू खाली उतरते, लाकडातून सुटलेला वायू वर येतो आणि भोकांतून येणाऱ्या गरम हवेत पेटतो. भोकाभोकातून ज्योत निघताना दिसली की चूल लागली. मध्येच वरून लाकूड टाकलं तर ज्योत विझते आणि दाट पांढरा धूर निघतो.

आता माशाकडे. पकडल्यावर लगेच कल्ले कापून रक्त वाहू द्यावं, पोट साफ करावं आणि कण्यालगतची काळपट रक्ताची रेघ नखाने खरवडून काढावी. तिथेच कडवटपणा असतो. अगदी ताज्या माशाचं मांस तव्यावर आकसतं आणि मासा कमानीसारखा वाकतो. म्हणून दोन्ही बाजूंना काट्यापर्यंत तीन-तीन चिरा द्याव्यात. ३०० ग्रॅमच्या माशाला छोटा चमचाभर मीठ लावून १५ मिनिटं ठेवावा. मग सुटलेलं पाणी पुसून मासा कोरडा करावा. ओला मासा तव्याला चिकटतो, कारण तेल तापण्याऐवजी उष्णता पाणी उडवण्यातच जाते.

पहिल्या मिनिटाला आच कडक हवी, पुढे मध्यम. अडीच सेंमी जाडीच्या माशाला दोन्ही बाजू मिळून सुमारे १० मिनिटं लागतात. रॉकेट चुलीवर हे सहज जमतं: चार काटक्यांवर तवा तापवायचा, मासा टाकला की दोन काटक्या मागे ओढायच्या, मिनिटभरात आच उतरते. गॅसिफायरची ज्योत अशी कमी होत नाही. बाहेरची भोकं झाकली तर खालची आणि वरची, दोन्ही हवा एकदमच तुटते. उरतो एकच उपाय, तवा उचलून धरणे, आणि उकळत्या तेलाचा तवा हातात धरून उभं राहणं धोक्याचं आहे. म्हणून तळायला रॉकेट चूलच घ्यावी. मासा उलटण्याची घाई नको. खालची बाजू खरपूस झाली की तो आपोआप सुटतो. कण्याजवळचं मांस पांढरं होऊन काट्यापासून सुटलं म्हणजे शिजला. तापमापक असेल तर सगळ्यात जाड भागात ६३ अंश सेल्सिअस.

डोकं आणि काटे उकळून रस्सा करायचा असेल तर मात्र गॅसिफायर सरस. एकसारखी जोरदार ज्योत, आणि सारखं जळण घालत बसायला नको. ज्योत संपल्यावर उरणाऱ्या निखाऱ्यांवर सळईला लावलेले छोटे मासे छान भाजले जातात, त्यांना काजळीही लागत नाही.

भांडं दोन्ही चुलींवर थेट टेकवायचं नाही. १० सेंमीच्या तोंडावर किमान अडीच सेंमी फट ठेवली तरच धुराला नळीच्या तोंडाइतकी वाट मिळते. गॅसिफायरवर ३ ते ४ सेंमी ठेवावी, कारण तिथे ज्योतीला जळायलाही जागा लागते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कुठेच वापरू नये. तापल्यावर त्याची वाफ विषारी असते. चूल तंबूत किंवा बंद जागेत पेटवू नये. विझवताना रॉकेटच्या काटक्या ओढून पाण्यात बुडवाव्यात. गॅसिफायरमधले निखारे झाकण ठेवून गुदमरवावेत. तापलेल्या डब्यात पाणी ओतलं तर पत्रा वाकडा होतो आणि अंगावर वाफ येते.