ड्रिलच्या बॅटरीवर 18, 20, 21, 48: हे आकडे आले कुठनं?

घरासाठी कॉर्डलेस ड्रिल घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न 'किती व्होल्टचं घेऊ', आणि उद्यमनगरात हत्यारांच्या दुकानात काउंटरवर उभं राहिलं की समोर 12, 18, 21, 48 असले खोके मांडलेले. जास्त आकडा म्हणजे जास्त ताकद, असं धरून माणूस 48 उचलतो.

जुना भाग थोडक्यात सांगतो. पहिलं कॉर्डलेस ड्रिल अमेरिकेत 1961 ला आलं, निकेल-कॅडमियम बॅटरीवर, 4.8 व्होल्टचं. निकेलचा एक सेल 1.2 व्होल्टचा, त्यामुळं ताकद पाहिजे तर सेल वाढवत न्यायचे आणि बॅटरी जड करत बसायचं, 14.4, 18 पर्यंत हेच चाललं. त्या काळातला एक सल्ला अजून जिवंत आहे, 'पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नको'. निकेल-कॅडमियमला ते काही प्रमाणात लागू होतं, आताच्या लिथियम बॅटरीला मात्र सारखं तळापर्यंत उतरवणं बाधतं, तरी मिस्त्री लोक अजून सांगतात.

लिथियम-आयन सेल बाजारात आला 1991 ला, पण हत्यारांना भरपूर करंट एकदम लागतो, तो देणारे सेल यायला वेळ गेला. 2003 ला छोटा स्क्रूड्रायव्हर, 2005 ला 18 आणि 28 व्होल्टची मोठी हत्यारं. म्हणजे आपल्याकडं लोडशेडिंगनं जीव नको केलेला त्याच वर्षांत तिकडं हे सुरू झालं, आणि खरी गरज होती तेव्हा आपल्या खिशाला ते झेपणारं नव्हतं. युरोपनं पुढं 2016 अखेर हत्यारांतनं निकेल-कॅडमियम बंदच केलं.

आता खरा घोळ. लिथियमचा सेल साधारण 3.6 व्होल्टचा धरतात, फुल चार्ज झाला की 4.2. पाच सेल एकापुढं एक जोडले की 18, आणि चार्जरवरनं काढल्या काढल्या मोजलं तर 21. काम सुरू झालं की तो वरचा आकडा बघता बघता उतरतो. म्हणजे 18, 20, 21 ही एकच बॅटरी. 2011 च्या आसपास अमेरिकेत एका मोठ्या कंपनीनं खोक्यावर 20 आणि शेजारी 'मॅक्स' छापायला सुरुवात केली, तोच माल युरोपात 18 म्हणून विकला. कायद्यात बसतं म्हणे, पण गिऱ्हाइकाला गंडवायचाच प्रकार आहे हा, दुसरं काय. छोट्या हत्यारांचं 12 सुद्धा तसलंच, तीन सेल, 10.8.

आणि एकदा ती सवय लागल्यावर स्वस्त मालवाल्यांनी लाजच सोडली. '48' लिहिलेली बॅटरी उघडली तर बऱ्याचदा आत तेच पाच सेल आणि बोटाएवढं सर्किट, मीटर लावला की वीस-एकवीस. उघडायचीही गरज नाही, सोबतचा चार्जर उलटा करून बघा, त्याच्यावर आउटपुट 21 असं बारीक अक्षरात छापलेलं सापडतं.

म्हणून नुसत्या व्होल्टवर जायचं नाही, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर (बॅटरीवर Ah लिहिलेला आकडा) करून वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत एकूण किती ऊर्जा मावते ते काढायचं, 18 गुणिले 2 म्हणजे 36. पडद्याचा रॉड, बिजागरी, कपाटाचे स्क्रू एवढ्याला 10.8 वालं पुरतं. स्लॅबला रोज भोकं पाडायची असतील तर वायरचं हॅमर ड्रिल घ्या, बॅटरीच्या नादाला लागू नका.

यातनं अजून एक जुनं दुखणं राहतं. प्रत्येक कंपनीनं बॅटरीचा खाचा आपापला ठेवला, एकीची दुसरीत बसत नाही, त्यामुळं पहिलं ड्रिल घेतलं तिथंच पुढचा ग्राइंडर आणि ब्लोअर कुणाचा ते ठरून जातं. अलीकडं काही कंपन्यांनी मिळून एकच बॅटरी वापरायला सुरुवात केलीय, पण सगळ्या नाहीत. मधल्या मधे ऑनलाइन अॅडॉप्टर मिळतात. ते घेताना बघा, काही कंपन्या बॅटरी जास्त उतरू नये म्हणून लागणारं कट-ऑफ बॅटरीत ठेवतात, काही हत्यारात. दुसऱ्या प्रकारातली बॅटरी परक्या ड्रिलला लावली की थांबवणारं कुणीच उरत नाही, सेल तळाला जातात आणि मग चार्जर ती बॅटरी घेतच नाही.