ट्रोपोनिन चाचणी (खाटेजवळची)

छातीत दुखणाऱ्या रुग्णाला हृदयविकाराचा झटका आला आहे का, हे थोड्याशा रक्तावरून जागच्या जागी ठरवायला मदत करणारी तपासणी. कॅज्युअल्टीत तिला ‘ट्रोप-टी’ किंवा ‘ट्रोप-आय’ म्हणतात. प्रयोगशाळेच्या अहवालाला बहुधा तासभर लागतो. इथे पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळते.

ट्रोपोनिन हे स्नायूंच्या आकुंचनावर ताबा ठेवणारे प्रथिन. जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी ते १९६०च्या दशकात शोधले. त्याच्या टी आणि आय या घटकांची हृदयातील रूपे हातापायांच्या स्नायूंतील रूपांहून वेगळी असतात. हृदयाची रक्तवाहिनी तुंबून स्नायू मरू लागला की ती रक्तात उतरतात. त्याआधी १९५०च्या दशकापासून एसजीओटी आणि पुढे सीपीके-एमबी ही विकरे (एन्झाइम) मोजत; पण ती इतर स्नायूंना इजा झाली तरी वाढत. जर्मनीत ह्युगो काटुस यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ट्रोपोनिन-टीची चाचणी विकसित केली, आणि ही अडचण बरीचशी सुटली.

खाटेजवळची चाचणी एका छोट्या पट्टीवर होते. पट्टीच्या खाचेत रक्ताचे थेंब टाकतात. लाल पेशी मागे अडकतात, द्रव पुढे झिरपतो आणि ट्रोपोनिन पुरेसे असेल तर ‘टी’ (टेस्ट) खुणेपाशी रेघ उमटते. फिकट रेघही होकारच समजायची. ‘सी’ची (कंट्रोल, म्हणजे पट्टी नीट चालल्याची) रेघ आली नाही तर पट्टी बाद. पट्टी फक्त हो-नाही सांगते. आकडा हवा असेल तर छोटे यंत्र लागते. उच्च-संवेदनशील ट्रोपोनिन-टी चाचणीत लिटरमागे १४ नॅनोग्रॅम ही निरोगी माणसाची वरची मर्यादा धरतात. बहुतेक साध्या पट्ट्यांना इतके कमी प्रमाण दिसत नाही.

सर्वांत मोठा धोका कोऱ्या पट्टीवर विसंबण्यात आहे. पट्टीवर दिसण्याइतके ट्रोपोनिन वाढायला तीन-चार तास किंवा अधिक लागतात. तासाभरात आलेल्या माणसाची पट्टी कोरी निघाली म्हणून ‘गॅस असेल’ म्हणत त्याला घरी धाडणे जिवावर बेतू शकते. काही तासांनी चाचणी पुन्हा करावीच लागते. ईसीजीत एसटी भाग (आलेखातील प्रत्येक ठोक्याच्या टोकानंतरचा तुकडा) उचललेला स्पष्ट दिसत असेल, तर मात्र चाचणीसाठी एक मिनिटही थांबू नये. तुंबलेली वाहिनी उघडण्याचे उपचार लगेच सुरू करायचे. गोव्यातील ‘स्टेमी’ (एसटी भाग उचलला जाणारा झटका) प्रकल्पात लहान केंद्रांवरचा ईसीजी दूरच्या तज्ज्ञांना दाखवतात, तो याच घाईपोटी.

उलट बाजूही आहे. मूत्रपिंडाचा जुनाट आजार, हृदयस्नायूचा दाह, फुप्फुसात अडकलेली गुठळी यांतही ट्रोपोनिन वाढते. शिवाय झटक्यानंतर ट्रोपोनिन-टी दहा-चौदा दिवस चढेच राहू शकते. त्यामुळे एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरक बोलका. तो वाचता यावा म्हणून केसपेपरवर दोन वेळा नोंदवाव्या लागतात : रक्त घेतल्याची, आणि दुखणे खरोखर सुरू झाल्याची. दुसरी वेळ नातेवाइकांना खोदून विचारावी लागते. ‘काल जेवणानंतरच जळजळत होतं’ हे वाक्य बहुधा उशिराच बाहेर येते.