धूमकेतूच्या गाभ्याचे भेटीपूर्व मापन

एखादे यान धूमकेतूजवळून जाण्याआधी अवकाश दुर्बिणीच्या मदतीने त्या धूमकेतूच्या घन गाभ्याचे आकारमान, त्याचा काळेपणा आणि जमल्यास स्वतःभोवती फिरण्याचा काळ ठरवण्याची पद्धत. जवळून जाणारे यान धूमकेतूपाशी थांबत नाही. कॅमेरा कोणत्या क्षणी कुठे वळवायचा, प्रकाश किती वेळ आत घ्यायचा, किती अंतर राखायचे, हे सगळे आधीच ठरवून यानाच्या संगणकात भरावे लागते आणि त्यासाठी समोर येणारी वस्तू केवढी आहे हे माहीत असावे लागते. १०३पी/हार्टली-२ या धूमकेतूचे स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने २००८ मध्ये केलेले मापन हा या पद्धतीचा सर्वांत बोलका दाखला आहे. दोनच वर्षांनी यान तिथे पोहोचले आणि दुरून काढलेला आकडा प्रत्यक्ष छायाचित्रांशी ताडून पाहता आला.

अडचण कुठे आहे?

धूमकेतूचा गाभा बहुधा काही किलोमीटरांचाच असतो. सूर्याजवळ आला की त्यातील बर्फाची वाफ होते, धूळ उडते आणि त्यांचा हजारो किलोमीटर पसरलेला कोश, म्हणजेच कोमा, गाभ्याला झाकून टाकतो. सूर्यापासून दूर असताना हा कोश विरतो खरा, पण तेव्हा गाभा अतिशय मंद झालेला असतो. हबल दुर्बिणीची नजर फार तीक्ष्ण आहे, ती साधारण ०.०५ विकलेपर्यंतचा (विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग) तपशील टिपते. तरी १५ कोटी किलोमीटर अंतरावर त्याचा अर्थ सुमारे ३६ किलोमीटर होतो. त्याहून लहान असलेला गाभा हबललाही बिंदूच दिसणार. म्हणून आकारमान ‘पाहता’ येत नाही, तेजस्वितेवरून ते काढावे लागते.

खरी फसगत इथेच होते. दृश्य प्रकाशात आपल्यापर्यंत पोहोचतो तो गाभ्यावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश. लहान पण उजळ गाभा आणि मोठा पण काळा गाभा दोघेही सारखाच प्रकाश पाठवू शकतात. पृष्ठभाग ४ टक्के प्रकाश परावर्तित करतो असे धरले तर जो व्यास येतो, त्याच्या निम्मा व्यास १६ टक्के धरल्यावर येतो, निरीक्षण मात्र तेच राहते. १९८६ मध्ये हॅलेच्या धूमकेतूपाशी जाताना याचा चांगलाच प्रत्यय आला. १४ मार्च रोजी जोत्तो यान सुमारे ६०० किलोमीटरवरून गेले, तेव्हा सुमारे १५ किलोमीटर लांबीचा गाभा दिसला. तो अपेक्षेपेक्षा मोठा आणि कितीतरी काळा निघाला, त्याची परावर्तकता जेमतेम ४ टक्के होती.

उष्णतेची साक्ष

या पेचातून सोडवणूक होते ती अवरक्त प्रारणामुळे. जो प्रकाश परावर्तित होत नाही तो गाभा शोषून घेतो, तापतो आणि ती उष्णता अवरक्त तरंगांच्या रूपात बाहेर टाकतो. परावर्तकता ४ टक्के असेल तर ९६ टक्के ऊर्जा शोषली जाईल, १६ टक्के असेल तर ८४ टक्के. साध्या हिशेबाने व्यासाच्या अंदाजात यामुळे सुमारे ७ टक्क्यांचाच फरक पडतो. दृश्य प्रकाशात हाच फरक दुपटीचा होता. उष्णतेवरून एकदा आकारमान कळले की दृश्य प्रकाशातील तेजस्विता त्याच्याशी जोडून परावर्तकताही काढता येते. प्रस्तुत लेखकाच्या मते या सबंध पद्धतीतील सर्वांत देखणी गोष्ट हीच आहे. दोन निरनिराळ्या तरंगलांबींची निरीक्षणे एकत्र आणली की आकारमान आणि काळेपणा हे एकमेकांत अडकलेले दोन अज्ञात सुटे होतात.

मात्र हे काम जमिनीवरून करणे कठीण जाते. पृथ्वीचे वातावरण आणि खुद्द दुर्बीण या दोघांची उष्णता त्याच तरंगलांबींना चमकत असते. २५ ऑगस्ट २००३ रोजी प्रक्षेपित झालेल्या स्पिट्झरचा आरसा फक्त ८५ सेंटिमीटरचा होता, पण द्रवरूप हेलियमने दुर्बीण उणे २६७ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवली जात असे. शिवाय ती पृथ्वीभोवती न फिरता पृथ्वीच्या मागोमाग सूर्याभोवती फिरत होती, त्यामुळे पृथ्वीची ऊबही तिच्यापासून दूर राहिली.

हार्टली-२ ची निवड

माल्कम हार्टली यांनी १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग येथील श्मिट दुर्बिणीने टिपलेल्या छायाचित्रांतून हा धूमकेतू शोधला. सुमारे साडेसहा वर्षांत तो सूर्याभोवती एक फेरी मारतो. तिथे यान नेणाऱ्या मोहिमेचे पहिले लक्ष्य तो नव्हता. जुलै २००५ मध्ये टेम्पल-१ या धूमकेतूवर आघातक सोडणाऱ्या डीप इम्पॅक्ट यानात इंधन शिल्लक होते. मेरीलँड विद्यापीठाचे मायकेल अहर्न यांच्या नेतृत्वाखालील गटाने ते बोएथिन या धूमकेतूकडे नेण्याचे ठरवले होते. पण तो २००७ मध्ये शोधूनही सापडला नाही. कक्षा अचूक ठाऊक नसलेल्या लक्ष्याकडे यान पाठवता येत नाही, म्हणून हार्टली-२ पुढे आला आणि प्रवास जवळजवळ दोन वर्षांनी लांबला. या विस्तारित मोहिमेला एपॉक्सी असे नाव मिळाले.

ऑगस्ट २००८ मधील निरीक्षण

१२ आणि १३ ऑगस्ट २००८ रोजी स्पिट्झरने हा धूमकेतू २२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीवर टिपला. तेव्हा तो सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या साडेपाच पट, म्हणजे सुमारे ८२ कोटी किलोमीटर दूर होता. तरंगलांबीची निवड नेमकी होती. त्या अंतरावर गाभ्याच्या सूर्याकडील बाजूचे तापमान उणे १०० अंशांच्या आसपास असते आणि तितक्या थंड वस्तूचे प्रारण १५ ते २५ मायक्रॉनच्या पट्ट्यात सर्वाधिक असते.

प्रत्येकी २०० चौकटींचे, म्हणजे सुट्या प्रतिमांचे, दोन संच २.७ तासांच्या अवधीत घेण्यात आले. एकेक चौकट फार अंधूक, पण शेकडो एकमेकींवर रचल्या की क्षीण उष्णताही वर उठून येते. इतक्या अंतरावर २२ मायक्रॉनला स्पिट्झरच्या प्रतिमेतील ठिपक्याची रुंदी सुमारे २० हजार किलोमीटर भरते. त्या ठिपक्यात एक-सव्वा किलोमीटर व्यासाचा गाभा दडलेला होता. ठिपका एकटाही नव्हता. धूमकेतूने मागे टाकलेल्या जाड धूलिकणांचा एक फिकट पट्टा त्याच्या कक्षेवर पसरलेला दिसत होता. या पट्ट्याची उष्णता गाभ्याच्या खात्यात गेली असती तर आकारमान फुगले असते. त्यामुळे आधी पट्ट्याचे गणिती प्रारूप बसवून तो भाग वजा केला गेला आणि उरलेल्या उष्णतेला लघुग्रहांसाठी वापरले जाणारे औष्णिक प्रारूप लावले गेले.

उत्तर आले ते असे : परिणामी त्रिज्या ०.५७ किलोमीटर, कमी-जास्त ०.०८, आणि परावर्तकता सुमारे ३ टक्के. परिणामी त्रिज्या म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या गोलाची त्रिज्या. प्रत्यक्ष आकार कसा आहे याविषयी ती काहीच सांगत नाही.

या छोट्या आकड्यातून एक मोठे कोडे उभे राहिले. हार्टली-२ ची रुंदी टेम्पल-१ च्या एक पंचमांशच होती, पण सूर्याजवळ असताना दोघे जवळपास सारखेच पाणी बाहेर टाकत. गणिताने हार्टली-२ चा जवळजवळ १०० टक्के पृष्ठभाग वाफ सोडत असला पाहिजे असे येत होते. बहुतेक धूमकेतूंत हा वाटा काही टक्क्यांचाच असतो. याच वेगाने वस्तुमान घटत राहिले तर धूमकेतूला आणखी सुमारे १०० फेऱ्या, म्हणजे ७०० वर्षांच्या आसपास आयुष्य उरले आहे, असाही अंदाज निघाला. इतका लहान आणि इतका उधळा धूमकेतू यानाने आधी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे भेटीची उत्सुकता वाढली.

वेळ कशी साधली हेही नोंदवायला हवे. स्पिट्झरचे हेलियम मे २००९ मध्ये संपले आणि २२ मायक्रॉनवरचे निरीक्षण कायमचे बंद झाले. नऊ महिन्यांचा उशीर झाला असता तर स्पिट्झरकडून हा आकडा मिळालाच नसता.

४ नोव्हेंबर २०१०

धूमकेतू २० ऑक्टोबर २०१० रोजी पृथ्वीपासून सुमारे १.८ कोटी किलोमीटरवरून गेला. तेव्हा पोर्तो रिकोतील आरेसिबो रडारने गाभा बराच लांबट असल्याचे दाखवले. पंधरा दिवसांनी यान सेकंदाला १२.३ किलोमीटर वेगाने, सुमारे ७०० किलोमीटर अंतर राखून बाजूने निघून गेले. या वेगाने सर्वांत जवळच्या बिंदूआधीचे ७०० आणि नंतरचे ७०० किलोमीटर दोन मिनिटांच्या आत संपतात.

छायाचित्रांत दिसला तो भुईमुगाच्या शेंगेसारखा, दोन खडबडीत टोके आणि मध्ये गुळगुळीत कंबर असलेला गाभा. लांबी सुमारे २.३ किलोमीटर. त्याचे घनफळ गोलात बदलले तर त्रिज्या ०.५८ किलोमीटर येते. ८२ कोटी किलोमीटरवरच्या एका ठिपक्यावरून काढलेल्या ०.५७ या आकड्याशी याहून चांगला मेळ कोण मागणार! परावर्तकता मात्र ४ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान भरली, म्हणजे आधीच्या अंदाजापेक्षा गाभा थोडा उजळ निघाला. लांबट आकार स्पिट्झरच्या नजरेतून सुटला होता. गाभ्याला एका फेरीस सुमारे १८ तास लागतात, त्यामुळे २.७ तासांत तो फेरीचा जेमतेम सातवा हिस्सा फिरतो आणि तेजस्वितेत उठून दिसेल असा बदल त्या दोन संचांत सापडला नाही.

कोड्याचे उत्तर अनपेक्षित निघाले. लहान टोकातून कार्बन डायऑक्साइडच्या चिळकांड्या उडत होत्या आणि त्यांच्यासोबत बर्फाचे गोळे व कण बाहेर फेकले जात होते. हा बर्फ गाभ्याबाहेर, कोशात विरत होता, म्हणून पाण्याचे प्रमाण गाभ्याच्या मानाने अवाढव्य दिसत होते. सबंध पृष्ठभाग वाफ सोडत असेल हा तर्क यामुळे गळून पडला. २००८ च्या मापनाचे मोल त्याने कमी होत नाही. गाभा किती लहान आहे हे आधीच पक्के नसते तर बर्फाचे हे गोळे इतके महत्त्वाचे का, हेही कळले नसते.

इतर दाखले

आकारमान बरोबर आणि आकार चुकीचा, हे टेम्पल-१ च्या बाबतीतही घडले होते. मार्च २००४ मधील स्पिट्झरच्या निरीक्षणांवरून तो गाभा सुमारे १४ बाय ४ किलोमीटरचा ठरला. प्रत्यक्षात तो ७.६ बाय ४.९ किलोमीटरचा निघाला. परिणामी त्रिज्या मात्र ३.३ च्या जागी ३.० किलोमीटर, म्हणजे फारशी दूर नव्हती. बोरेली धूमकेतूचा हबलने १९९४ मध्ये काढलेला सुमारे ८.८ किलोमीटर लांबीचा अंदाज बराच जुळला. सप्टेंबर २००१ मध्ये डीप स्पेस-१ यानाला तो सुमारे ८ किलोमीटर लांब दिसला. हबलने अशी मापने दृश्य प्रकाशातच केली. गाभ्याचा प्रकाश प्रतिमेत एका-दोन बिंदूंत एकवटतो आणि कोशाचा प्रकाश केंद्रापासून हळूहळू उतरत जातो. या फरकाच्या आधारे कोश वजा करण्याचे तंत्र फ्रान्समधील फिलिप लामी आणि सहकाऱ्यांनी घडवले. परावर्तकता तिथे गृहीत धरावी लागते, साधारणपणे ४ टक्के. हॅलेच्या अनुभवानंतर हे गृहीतक बरेच सुरक्षित झाले आहे.

रोझेटा मोहिमेत तर मापनावर उतरणाऱ्या यानाची सुरक्षितता अवलंबून होती. तिचे मूळ लक्ष्य विर्टानेन हा जेमतेम सव्वा किलोमीटर व्यासाचा धूमकेतू होता. डिसेंबर २००२ मध्ये एरियान-५ रॉकेटचे एक उड्डाण फसल्याने रोझेटाचे प्रक्षेपण लांबले आणि ६७पी/चुर्युमोव्ह-गेरासिमेंको हे नवे लक्ष्य निवडले गेले. मार्च २००३ मध्ये हबलने २१ तासांत त्याच्या ६१ प्रतिमा घेतल्या. गाभा सुमारे ५ बाय ३ किलोमीटरचा, लंबगोल, बारा तासांत एक फेरी घेणारा, असा निष्कर्ष निघाला. मोठा गाभा म्हणजे जास्त गुरुत्वाकर्षण आणि उतरताना जास्त वेग, म्हणून फिले या अवतरण यानाच्या पायांची रचना त्या वेगाला तोंड देईल अशी सुधारण्यात आली. ऑगस्ट २०१४ मध्ये रोझेटा पोहोचले तेव्हा फिरण्याचा काळ १२.४ तास भरला. गाभा मात्र दोन भाग एकमेकांना चिकटून बनलेला होता, आणि ते दुरून कोणालाच कळले नव्हते.

युरोपीय अवकाश संस्था आणि जपानची जाक्सा यांच्या कॉमेट इंटरसेप्टर मोहिमेत हे काम आणखी अवघड होणार आहे. यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर वाट पाहत थांबेल आणि सूर्याकडे प्रथमच येणारा धूमकेतू सापडल्यावर निघेल. असे धूमकेतू फार दूर असतानाच कोश धारण करतात, आणि उघडा गाभा टिपण्याची ऑगस्ट २००८ सारखी संधी त्यांच्या बाबतीत मिळण्याची शक्यता कमी आहे.