पेशंट शुद्धीवर आला, वायू गेला कुठे?

सेव्होफ्लुरेनने भूल दिली की त्यातला जेमतेम ३ ते ५ टक्के भाग शरीर पचवतं. आयसोफ्लुरेन या भुलीच्या दुसऱ्या वायूचा तर ०.२ टक्काच. बाकी सगळं जसं आत गेलं तसंच श्वासावाटे बाहेर येतं. तो वायू कुणीतरी खोलीबाहेर नेऊन सोडावा लागतो. नाही नेला, तर सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर, ऑपरेशन थिएटरमधले (ओटीतले) मामा-मावशी सगळ्यांच्या नाकात थोडा थोडा जात राहतो. पेशंट तो एकदा घेतो, हे लोक रोज घेतात.

किती चालेल? अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने, म्हणजे नायॉशने, १९७७ साली सुचवलेले आकडे आजही आधाराला घेतले जातात. हॅलोथेनच्या (भुलीच्या जुन्या वायूच्या) कुळातले वायू दहा लाख भाग हवेत २ भाग, म्हणजे २ पीपीएम. सोबत नायट्रस ऑक्साइड (थोडक्यात नायट्रस, भुलीचाच आणखी एक वायू) असेल तर ०.५. नुसत्या नायट्रसला २५ पीपीएम. सेव्होफ्लुरेन तेव्हा रोजच्या वापरात नव्हतं, पण त्यालाही हीच पट्टी लावणं शहाणपणाचं.

या काळजीची सुरुवात १९६७ साली सोव्हिएत संशोधक वैसमन यांच्या पाहणीने झाली: भूलतज्ज्ञ स्त्रियांच्या ३१ गर्भधारणांपैकी १८ वेळा गर्भपात. ती पाहणी लहान आणि तुलनेविना होती, एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. नायट्रसचा पुरावा मात्र जास्त ठोस आहे. तो बी-१२ जीवनसत्त्वातला कोबाल्ट निकामी करतो. वायू ओढून घेण्याची सोय नसलेल्या दवाखान्यांत आठवड्याला ५ तास किंवा जास्त नायट्रसमध्ये काम करणाऱ्या अमेरिकी डेंटल असिस्टंट स्त्रियांना गर्भ राहायला जास्त वेळ लागतो, असं १९९२ साली दिसलं. म्हणून दातांच्या खुर्चीवर नायट्रस देताना नाकाचा मास्क दुहेरी, म्हणजे वायू देणारा आणि उच्छ्वास ओढून घेणारा, असावा आणि त्याची ओढ मिनिटाला ४५ लिटर असावी.

नाकावर भरवसा ठेवू नका. बहुतेकांना वास येतो तो मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडल्यावर. त्यापेक्षा हिशेब करा. ६ बाय ५ मीटरची, ३ मीटर उंच ओटी म्हणजे ९० घनमीटर हवा. १ मिलिलिटर द्रव सेव्होफ्लुरेनची साधारण १८२ मिलिलिटर वाफ होते. व्हेपोरायझर (द्रवाची वाफ करून देणारा मशीनचा भाग) भरताना चमचाभर, ५ मिलिलिटर, सांडलं की त्या खोलीत १० पीपीएम. लहान मुलाला मास्कने भूल देताना व्हेपोरायझरचा डायल ८ टक्क्यांवर, प्रवाह मिनिटाला ६ लिटर, आणि मास्क एक मिनिट गादीवर पडून राहिला, तर फक्त तेवढ्यात ५ पीपीएम. मशीन कितीही महागडं असो, जास्त वायू या बारक्या सवयींतूनच सुटतो.

म्हणून आधी मास्क तोंडावर, मग वायू सुरू. श्वासनलिकेत नळी घालायला मास्क काढताना नुसता डायल बंद करू नका, सगळा प्रवाहच थांबवा. नाहीतर सर्किटमध्ये (मशीन आणि पेशंट यांना जोडणाऱ्या नळ्यांत) साठलेला वायू ढकलला जातच राहतो. नळी बसली की पहिलं काम ऑक्सिजन सुरू करणं, हे विसरणं जिवावर बेततं. शेवटी व्हेपोरायझर बंद केल्यावरही थोडा वेळ शंभर टक्के ऑक्सिजनवर पेशंट सर्किटलाच राहू द्या, म्हणजे उच्छ्वास नळीतून बाहेर जाईल.

व्हेपोरायझर दिवसाच्या शेवटी, खोलीत माणसं कमी असताना भरा. डायल शून्यावर हवा. सेव्होफ्लुरेनची खाच पिवळी, आयसोफ्लुरेनची जांभळी. चावीसारखा भरणनळा चुकीच्या खाचेत बसतच नाही. रेघेपर्यंत भरलं की बाटली खाली करून नळ्यातला द्रव परत उतरू द्या, मगच नळा काढा. सांडतं ते याच घाईत.

वायू खोलीबाहेर नेणारी नळी एपीएल व्हॉल्व्ह (सर्किटमधला जादा वायू सोडणारी झडप) आणि व्हेंटिलेटरच्या एक्झॉस्टपासून निघते. तिचं तोंड ३० मिलिमीटर, श्वसन सर्किटचं २२ किंवा १५. चुकून एकात दुसरं बसू नये म्हणून. ही नळी ट्रॉलीच्या चाकाखाली दबली तर दाब पेशंटच्या फुप्फुसांवर येतो. उलट, एपीएलला थेट सक्शन मशीन लावलं तर सर्किट रिकामं होतं, श्वासाची रबरी बॅग चिकटून बसते. मध्ये उघड्या भोकांचा जोडभाग (इंटरफेस) असतो तो याचसाठी. ‘आवाज येतो’ म्हणून ती भोकं चिकटपट्टीने बुजवू नका. लहान मुलांच्या जॅक्सन-रीस सर्किटची बॅग शेपटाकडून उघडीच असते, तिथला वायू थेट खोलीत. तिथे नळी जोडता येईल असा व्हॉल्व्ह घ्या.

रोज सकाळी: एपीएल बंद, वाय-पीस (पेशंटकडचं नळ्यांचं तोंड) हाताने बंद, ऑक्सिजन फ्लशच्या (जोरात ऑक्सिजन सोडणाऱ्या) बटणाने ३० सेंटिमीटर पाण्याइतका दाब. दाबाचा काटा १० सेकंद जागचा हलता कामा नये. हलला, तर आधी सोडालाइमच्या (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांच्या) डब्याचं रबर बघा. बदलताना एखादा दाणा काठावर अडकलेला असतो, आणि त्या एका दाण्यातून दिवसभर वायू निसटतो.

छोट्या नर्सिंग होममधला स्प्लिट एसी हवा थंड करतो, बदलत नाही. तासाला चार वेळा ताजी हवा आली, तर १० पीपीएम २ वर यायला २४ मिनिटं लागतात. ताजी हवा नसली तर वायू तिथेच फिरतो.

प्रयोगशाळेत उंदरांना आयसोफ्लुरेन देताना काचेच्या डब्याचं झाकण उघडण्याचा क्षण सर्वांत वाईट. २ लिटरच्या डब्यात मिनिटाला ४ लिटर ऑक्सिजन सोडला तर अर्ध्या मिनिटात आतला वायू निम्म्याहून खाली येतो, उंदीर तेवढ्यात जागा होत नाही. बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये (हवा गाळणाऱ्या कामाच्या कपाटात) काम केलं म्हणजे सुरक्षित, हा मोठा गैरसमज आहे: हेपा फिल्टर कण अडवतो, वायू नाही, आणि साधं कॅबिनेट तीच हवा खोलीत परत सोडतं. वायू शोषणारा कोळशाचा डबा वापरत असाल तर नवा असताना वजन करून झाकणावर मार्करने लिहा. नेहमीचे छोटे डबे ५० ग्रॅमने वाढले की भरले. तळाची भोकं टेबलावर टेकून बंद होऊ देऊ नका. आणि नायट्रस कोळशात अडकतच नाही. त्याला खिडकीबाहेर जाणारी नळीच लागते.