फोर-व्हील ड्राइव्ह असली, तरी हिवाळी टायर हवेतच
जर्मनीत नव्याने गाडी घेणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये एक समज वर्षानुवर्षे टिकून आहे: गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल, तर हिवाळी टायरांचा खर्च वाचतो. हा समज चुकीचा आहे आणि धोक्याचाही. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाल्याने गाडी बर्फातून सहज निघते, हे खरे. परंतु ब्रेक प्रत्येकच गाडीत चारही चाकांना लागतात, त्यामुळे थांबताना आणि वळताना सारी भिस्त रबराच्या पकडीवरच राहते. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे मऊ राहते आणि त्याच्यावर सुरीने कापल्यासारख्या ज्या असंख्य बारीक नागमोडी चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फाला धरून ठेवतात. निघताना गाडी घसरली नाही म्हणून चालक निर्धास्त होतो, वेग वाढवतो आणि खरी अडचण पहिल्या उतारावर कळते.

टायर घेताना त्याच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर व हिमकण हे चिन्ह अवश्य पाहावे. नुसती ‘एम प्लस एस’ (‘मड अँड स्नो’, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत पुरेशी मानली जात नाहीत. पुढचे दोनच टायर बदलण्याची काटकसर मला मुळीच पटत नाही, कारण मग वळणावर गाडीची मागची बाजू फिरते.