म्हाडाची विक्रीअभावी रिकामी घरे: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

म्हाडाच्या सोडतीत काही घरांवर अर्जांचा पाऊस पडतो, तर विरार-बोळींजसारख्या प्रकल्पांत तयार घरे ग्राहकांअभावी कुलूपबंद राहिली. सरकारी जमिनीवरचे घर रिकामे पडले की देखभालीचा बोजा म्हाडावर आणि गरजू कुटुंब मात्र भाड्याच्या खोलीतच. म्हणून अशी घरे ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ तत्त्वावर विकली जातात. सोडत नाही, उपलब्ध यादीतून घर निवडायचे, अनामत रक्कम भरायची.

अर्जदार १८ वर्षांवरील हवा. मुंबई, पुणे व नागपूर महानगर प्रदेशांत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प आणि १२ लाखांपर्यंत मध्यम गट. कौटुंबिक म्हणजे पती-पत्नी दोघांचे मिळून. इथे बरेच जण फसतात. विक्री न झालेल्या घरांसाठी उत्पन्नासारख्या अटी अनेकदा शिथिल होतात, तेव्हा त्या प्रकल्पाची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. घर प्रधानमंत्री आवास योजनेतले असेल, तर कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नसावे.

कागदपत्रांत आधार व पॅन (विवाहितांनी दोघांचेही), अधिवास प्रमाणपत्र, आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आरक्षित प्रवर्गासाठी जात प्रमाणपत्र. सर्वात जास्त अडते ते अधिवास प्रमाणपत्रावर. जुने, बारकोड नसलेले असेल तर ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून आजच नवे काढायला टाका. आधार आणि पॅनवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का, आधारला चालू मोबाइल जोडलेला आहे का, तेही पाहा, कारण ओटीपी त्यावरच येतो.

अनामत भरण्याआधी घर प्रत्यक्ष बघाच. ते का विकले गेले नाही, याला बहुधा कारण असते. नळ सोडून बघा, पाणी किती वेळ येते ते तिथे राहणाऱ्यांना विचारा, लिफ्ट चालू आहे का पाहा, आणि स्टेशनपर्यंतचे अंतर कामावरून परतण्याच्या वेळी मोजा. पाणी आणि रस्ता ठीक असेल, तर बाजारभावापेक्षा स्वस्तात हक्काचे घर मिळते आणि मी तरी ते सोडणार नाही.

नोंदणी म्हाडाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा. पात्रता ठरल्यावर देकार पत्र, म्हणजे घर देऊ केल्याचे पत्र, येते. हप्त्यांच्या तारखा त्यात असतात. बँकेशी कर्जाचे बोलणे त्याआधीच उरका. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि मासिक सेवाशुल्क वेगळे धरा. घर ५ वर्षे विकता येत नाही. ‘आतून काम करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका.